दाराखालचा कागद

टोलिडोच्या त्या हॉस्पिटलात सातव्या मजल्यावर फुलं न्यायला बंदी होती. दुसऱ्याची अस्थिमज्जा घेतलेल्यांच्या अंगात साध्या बुरशीशी झुंजायचंही त्राण नसतं. "फुलं चालत नाहीत, मग बायको कशी चालते?" असं वॉल्टर यानोशेक येईल त्या नर्सला विचारायचा. मास्कमागे त्याची बायको लोरेन हसायची.

खोलीतली हवा कायम बाहेर ढकलली जायला हवी, बाहेरची आत यायला नको. म्हणून नर्स डेनीस रोज सकाळी दाराखालच्या फटीशी टिश्यूचा कागद धरायची. कागद बाहेर फडफडला की पुढच्या दाराशी जायची.

शेजारी भिंती फोडायचं काम निघालं. आड काय, तर प्लॅस्टिकचा पडदा. खोलीत ओल्या पोत्यासारखा वास येऊ लागला आणि वॉल्टरला खोकला लागला.

मग एका सकाळी कागद आत ओढला गेला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा आत.

लोरेनने दाराच्या काचेतून पाहिलं. वॉल्टरची छाती त्याच लयीत हलत होती. तो खोकताना अडला, तसा कागदही अडला.

डेनीसने वर कळवलं. व्यवस्थापक हार्कनेस आले आणि त्यांनी भिंतीवरचा, हवेचा दाब ठीक आहे की नाही ते सांगणारा दिवा दाखवला. "हिरवा आहे, बाई. कागदाच्या खेळावर आम्ही खोल्या बदलत नाही."

लोरेनने जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. "तो दिवा तुम्ही घरी न्या," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला दुसरी खोली द्या."

विचार करू, असं सांगून ते गेले. त्यांचा विचार संपेपर्यंत बुरशी वॉल्टरच्या फुप्फुसांतून मेंदूत पोचली होती. तो गेला.

त्याची लोकरीची टोपी राहिली होती. ती न्यायला लोरेन आली, तेव्हा खोली धुऊन पुसून रिकामी होती. दिवा हिरवा.

तिने पर्समधला टिश्यू काढून फटीशी धरला.

आत. बाहेर. मध्येच अडखळून, आत.

तिच्या हातून तो सुटला. फटीशीच पडून हलत राहिला.

मागून पलंगाची चाकं वाजली. केस गेलेली एक मुलगी, आणि बरोबर हार्कनेस. "हीच का माझी खोली?" मुलीने विचारलं.

"नाही," लोरेन म्हणाली, आणि दोन्ही हात चौकटीला टेकून दारात उभी राहिली.

"बाई, बाजूला व्हा. दिवा हिरवा आहे."

मुलगी धास्तावून भरभर श्वास घेऊ लागली.

लोरेनच्या पायाशी कागदाचं अडखळणं थांबलं. क्षणभर तो निपचित पडला. मग हलू लागला, भरभर.