वरचं गाणं, खालची झोप

धाकटीने मोबाईलवर बोट दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. कोपऱ्यातला स्पीकर मुका तो मुकाच. आईने हौसेने घेतलेला, घरात आल्यापासून नुसता रुसलेल्या जावयासारखा बसून होता. धाकटीने आवाजाची पट्टी पार टोकाला नेली आणि वैतागून खिडकीशी कामाला बसली. ती कवळ्या करायची. दुपारी लॅबमध्ये, सकाळी घरी, मेणात एकेक दात बसवत.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक तरुण उभा. केस विस्कटलेले, गालावर चादरीची घडी उमटलेली आणि काखेत उशी. उशी घेऊन लोकांच्या दारात येणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

"ते गाणं... जरा थांबवाल का?"

"कुठलं गाणं?"

"ते... साजणाला हाका मारणारं."

धाकटीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मोबाईलवर तेच लावलं होतं. "आमच्याकडे काही वाजत नाहीये. ऐका की."

त्याने ऐकलं. खरंच सामसूम. मग दोघांनी एकदमच जिन्याकडे बघितलं. खालून, टिपेच्या सुरात, साजणाला हाका चालल्या होत्या.

"शांतता तुमच्याकडे," तो म्हणाला, "आणि साजण माझ्या उशाशी."

तिने झटकन मोबाईल बंद केला. खालचं गाणं तिथल्या तिथे थांबलं. आणि पाठोपाठ खालच्या काकूंचा आवाज आला, "अगं बाई! रेडिओ बंद पडला वाटतं!"

तो काकूंच्या मागच्या खोलीत नुकताच राहायला आला होता. हॉस्पिटलात परिचारक, कायमची रात्रपाळी, म्हणजे इतरांची सकाळ झाली की याची रात्र. काकूंच्या भाच्याने त्यांना स्पीकर आणून दिलेला. काकूंच्या लेखी तो रेडिओ. "इतका गुणी रेडिओ," त्या चार बायकांना सांगायच्या, "जाहिराती नाहीत, बडबड नाही, नुसती निवडक गाणी." याने एकदा बंद करायला हात लावला, तर म्हणाल्या, त्याला हात लावायचा असेल तर आधी खोली रिकामी कर.

"हे आमच्या मामाचं काम," धाकटी म्हणाली. "सगळ्या इमारतीचं इंटरनेट त्यानेच जोडलंय."

आतून आई कडाडली, "माझा सख्खा भाऊ म्हणून सांगते, त्याला दिवा लावायला सांगा, तो घराला काडी लावेल!"

मामाला बोलावणं गेलं. मामा आला, चहा प्यायला, दोन वायरी उपटून परत खोचल्या आणि दोष यंत्रातच आहे म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने तपासून बघायला म्हणून गाणं लावलं. तपासायला नको? दार वाजलं.

"आज तर कुणीतरी चांदण्यात भिजतंय," तो म्हणाला.

"तपासत होते फक्त."

"मग संपूर्ण तपासा. दुसरं कडवं राहिलंय."

आज काखेत उशी नव्हती. तो गेल्यावर आईने विळीवरून मान वर केली. "झोपमोड झालेला माणूस भांग पाडून येतो होय?"

"मला काय माहीत," धाकटी म्हणाली, आणि समोरच्या कवळीतला पुढचा दात मागच्या जागी बसवून मोकळी झाली.

मग रोजच तपासणी. रोज तक्रार. एकदा तो दारात उभा राहून हसला आणि एकदम ओठ मिटून घेतले.

"मिटलं कशाला तोंड?"

"तुम्ही दात बघता माझे."

"धंदाच आहे माझा. वरचा सुळा जरा तिरका आहे."

"बदलून द्याल?"

"नको... शोभतो." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. तो जिना उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकला, हे तिला आवाजावरून कळलं.

सगळं असं मजेत चाललं असताना काकूंनी जिन्यात गाठलं. "पोरगा दुसरी खोली बघतोय गं. झोप होत नाही म्हणे. परवा हॉस्पिटलात उभ्या उभ्या डुलकी लागली. औषधं वाटायचं काम, उद्या एकाचं दुसऱ्याला दिलं म्हणजे?"

धाकटीचं काळीज चर्र झालं. दिवसभर मेण वितळवत राहिली आणि विचार करत राहिली. गाणं खाली वाजत राहिलं, तर तो जाणार. बरं, गाणं वर आणलं, तर त्याची तक्रार मिटली. आणि तक्रार मिटली, की तो वर कशाला येतोय? इकडे आड, तिकडे विहीर. पण माणसाला उपाशी ठेवून माया करता येत नाही, तशी जागं ठेवूनही करता येत नाही. तिने ठरवलं, दुरुस्त करायचं. मामाच्या हातून नाही. स्वतः.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याला खालच्या खिडकीत उभं केलं आणि ती मोबाईल घेऊन घरभर फिरायला लागली.

"आता?" ती स्वयंपाकघरातून ओरडली.

"काही नाही!"

"आता?" बाल्कनीतून.

"तुम्ही ऐकू येताय. गाणं नाही!"

"आता?" ती आपल्या कामाच्या मेजाशी आली होती.

"आलं! आलं! काकू नाचायला लागल्या!"

धाकटी खिडकीतून वाकली. मेजाच्या बरोबर खाली काकूंच्या वायफायचा डबा होता. "तुमच्याकडच्या वायफायचं नाव काय आहे हो?"

त्याने वाचलं. "'घर'."

"आमचंही 'घर'च. आणि पासवर्ड?"

"एक दोन तीन चार..."

"...पाच सहा सात आठ," तिने पुरा केला. "आणि स्पीकरचं नाव 'हॉल'?"

"'हॉल'."

दोघंही वर-खाली बघत हसत सुटले. मामाने अख्ख्या इमारतीला एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला होता. लक्षात ठेवायचा आळस, दुसरं काय! मोबाईलला बिचाऱ्याला काय कळणार, 'घर' आपलं की शेजारणीचं. खिडकीशी बसलं की खालचं जवळ पडायचं, आणि तो निमूट खालच्या घरात नांदायचा.

त्याने खालचं नाव बदललं, पासवर्ड बदलला आणि धावत वर आला. गाणं लावलं. खाली शांत. आणि वर... वरही शांत.

"आता काय रुसलंय?" तो म्हणाला.

धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलाखाली शिरली. तो विजेरी घेऊन मागोमाग. स्पीकरची वायर वळसे घेत घेत वायफायच्या जुन्या डब्यात गेलेली. वायफाय मात्र नव्या डब्यातून येत होतं, जो मामाने जुन्याच्या डोक्यावर आणून बसवला होता. मोबाईल नव्या डब्याचा, स्पीकर जुन्या डब्याचा, एकमेकांना दिसणार कसे?

"आई, एका घरात दोन चुली कुणी मांडल्या गं?"

"विचारतेस काय! मामानेच."

"उजेड इकडे... अजून इकडे," धाकटी कुजबुजली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. दोघांच्या केसांना जळमटं. त्याच्या हाताला साबणाचा मंद वास येत होता. तिने स्पीकरची वायर जुन्या डब्यातून काढली आणि नव्यात खोचली. टक्.

मोबाईलवर बोट दाबताच गाणं असं दणक्यात सुरू झालं, की दोघं दचकून एकदमच उठले आणि डोक्यावर डोकं आपटलं. आई आत हसून हसून ठसकली.

"झालं," तो कपाळ चोळत म्हणाला. "आता मी... झोपेन."

"झोपा ना."

"हो... येतो मग."

"या."

गेला. एवढ्या गोड गळ्याचं गाणं आपल्या घरात वाजत होतं, आणि धाकटीला ते मेलं ऐकवेना.

पुढे तो फिरकला नाही. फिरकल्या त्या काकू. रेडिओ गेला म्हणून आल्या, वर गाणी ऐकून तिथेच फतकल मारून बसल्या, आणि रोज येऊ लागल्या.

"तो... झोपतो का हो नीट?" धाकटीने मेणाकडे बघत विचारलं.

"झोपतो? घोरतो!"

बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकाच घोटात. "आणि खोली? सोडणार आहे का?"

"मला काय सांगतोय. तूच विचार."

"मी कशाला विचारू?"

आई उठून समोर आली. "विचार की! तोंडात दात आहेत ना, की सगळे लोकांना वाटून बसलीस?"

धाकटी उठली. हाताला मेण तसंच, आणि तशीच खाली गेली. तो नुकताच कामावरून आला होता. कुलपात किल्ली, पाठीला पिशवी.

"खोली मिळाली का?" तिने विचारलं. आवाज उगाच भांडायला आल्यासारखा निघाला.

"मिळाली होती. नको म्हणून कळवलं."

"कधी?"

तो किल्लीशी चाळा करायला लागला. "त्या पहिल्याच सकाळी. तुमच्या दारातून उशी घेऊन परत आलो... आणि फोन केला."

"काकू तर म्हणाल्या, अजून बघताय!"

"काकूंना कसं सांगणार? राहतोय म्हटलं असतं, तर रेडिओ अजून मोठा केला असता."

"म्हणजे मी ती जळमटं अंगावर घेतली ती उगाच?"

"उगाच कशी? झोप मस्त लागते आता. फक्त... तक्रार गेली ना. तेव्हापासून नवीन शोधतोय. तुमचा नळ गळतो म्हणावं, तर गळतो तो माझाच."

"मग?"

"मग काय... सापडत नाहीये."

धाकटीने त्याच्याकडे बघितलं. रात्रभर दुसऱ्यांची दुखणी उचलणारा माणूस, आणि एवढंसं वाक्य उचलवेना. आधी कोण बोलणार म्हणून ताठ बसलं, तर दोघंही म्हातारी होतील आणि कवळ्या आपणच करायच्या.

"मला तुम्ही आवडता," ती एका दमात म्हणाली, कडू औषध घ्यावं तशी. "तेवढंच सांगायला आले होते. आता झोपा."

आणि वळून जिना चढायला लागली.

"आता?" मागून त्याचा आवाज आला, अर्धा हसणारा, अर्धा हरवलेला. "मी गेले कितीतरी दिवस हेच पाठ करतोय, आणि तुम्ही... आता झोप लागेल होय?"

ती थांबली. कठड्याला धरून तिथेच पायरीवर बसली, हाताचं मेण ओढणीला पुसलं आणि जराशी भिंतीकडे सरकून त्याच्यापुरती जागा केली.

"मग नका झोपू," ती म्हणाली. "बसा."