आईचा काळा टोमॅटो

चष्म्याच्या दुकानात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती, टोमॅटो होता. जांभळट काळा, वेडावाकडा, देठाशी हिरवी झाक.

"याचं बी दिसेल असा चष्मा द्या," तो म्हणाला. "घड्याळाचे स्क्रू दिसतात मला, पण बी निसटतं."

"टोमॅटोचा नंबर काढत नाही आम्ही," चष्मेवाली म्हणाली.

तो हसला नाही, कानाच्या पाळ्या मात्र लालबुंद झाल्या. ती तिथंच फसली.

पलीकडच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करायचा तो. मग त्याच्या चष्म्याची काडी सैल व्हायला लागली... आठवड्यातून दोनदा. पाचव्या खेपेला त्यानं विचारून टाकलं, "रविवारी दुपारी जेवायला याल? मला सॅलडच येतं, पण—"

"मग तेही मीच करते. तुम्ही नुसते बघा."

रविवारी ती गेली. भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. तो पाव आणायला खाली उतरला आणि हिनं पदर खोचला. टोपलीत लाल, पिवळे टोमॅटो होते. खिडकीत बशीवर एकटाच तो काळा. आपल्यासाठी राखून ठेवला असणार, म्हणून ती मनात सुखावली.

सुरी शोधायला वळली, तर खण आधीच उघडा. मघाशी बंद होता, तिला पक्कं आठवत होतं. तिनं सगळ्यांत आधी काळा कापला, बियांचा पाणचट गर सिंकमध्ये टाकून नळ सोडला, बाकीच्या फोडी केल्या, मीठ भुरभुरलं. तेलाकडे हात गेला आणि तिथंच अडला. कुणीतरी मनगट हलकेच धरलं होतं, गार बोटांनी. घड्याळं सगळी गप्प झाली होती. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग टिकटिक पुन्हा सुरू झाली.

दारात तो उभा होता, पाव छातीशी धरून.

"तो काळा... कापलात?"

"वेगळा ठेवला होता, म्हणून मला वाटलं..."

"बियाण्याचा होता. आई दर वर्षी एक राखायची. ती गेल्यावर मी राखतो. यंदाचा हा शेवटचा." त्यानं पाव खाली ठेवला. "बी कुठाय?"

तिनं सिंककडे बोट केलं. "वाहून गेलं. मी... मला माफ करा." आता हा माणूस आपलं तोंडही बघणार नाही, एवढंच तिला कळत होतं. तिनं पर्स उचलली.

"थांबा," तो म्हणाला. तो खिडकीकडे बघत होता.

तिथं पेला होता. पाण्यात काळ्याचा गर, बियांसकट. वर तीच बशी, उपडी.

"असंच ठेवायची आई," तो पुटपुटला. "दोन दिवस भिजवून मग वाळवायची. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मी नाही ठेवलं."

त्यानं तिचे हात धरले. त्याचे ऊबदार होते. मग त्याची नजर मीठ लावलेल्या, बिनतेलाच्या फोडींवर गेली.

"मीठ लावून थांबलीस?"

"थांबवलं मला."

"आई तेल लगेच घालू द्यायची नाही कुणाला. आधी मीठ मुरू दे म्हणायची." तो अडखळला. "मला तू आवडतेस. हे बी पेरताना... इथे असशील?"

"असेन."

जेवायला बसताना तिनं दोनच ताटल्या काढल्या होत्या. टेबलावर तीन होत्या. ती भ्यायली, नाही असं नाही. पण काळ्याची सगळ्यांत मोठी फोड तिनं तिसऱ्या ताटलीत वाढली.

"आधी आईंना," ती म्हणाली.

त्याच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.