तासभर थांबलेला चहा

शकूने समोर आलेली कपबशी दोन बोटांनी हलकेच मागे सारली आणि मान खाली घालूनच ती म्हणाली, “आई... आजपासून मला सकाळचा चहा नको.”

प्रयागबाईचा हात तसाच पुढे राहिला. बाहेर मार्गशीर्षातली थंडी, चुलीत नुकतंच धरलेलं लाकूड, आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच परत आलेला तो भरलेला कप!

“बरं नाय का तुला?”

“बरी हाय.”

“मग?”

शकूच्या ओठांपर्यंत सगळं आलं होतं... पण पदर गळ्याभोवती घट्ट ओढून ती उठली आणि मागल्या दाराने बाहेर पडली. प्रयागबाईने तो चहा चुलीच्या राखेत ओतून टाकला.

नुसता चहाच तर नाकारला, त्यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या त्या वाडीत त्याला फार मोठा अर्थ होता. तिथे कुठल्या सुनेला वेगळं निघायचं झालं, तर ती भांडत नसे, तोंडाने काही मागतही नसे. ती सासूच्या चुलीवरचा सकाळचा चहा घेईनाशी होई, आणि घर काय ते समजून जाई. मग पडवीत दुसरी चूल मांडली जाई.

शिवाय प्रयागबाईचा चहा हा साधा चहा नव्हताच. तिच्या स्वतःच्या सासूने तिला उभ्या जन्मात घरात सगळ्यांच्या आधी एक घोट दिला नव्हता. सगळ्यांचं पिऊन झालं की पातेल्यात उरेल तो गाळ तिचा. त्या गाळाची चव ती चाळीस वर्षं विसरली नव्हती. म्हणून शकू लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्याच पहाटे प्रयागबाईने स्वतः चूल पेटवली आणि पहिला कप सुनेपुढे धरला. “ह्या घरात पयला चहा सुनेचा,” ती म्हणाली होती. बाई तोंडाची फाटकी, हाताची कडक, दिवसभर पोरीच्या मागे कटकट लावणारी. पण पहाटेच्या त्या एका कपात तिची सगळी माया उतरत असे. आणि शकू, आईवेगळी पोर, त्या कपासाठी दिवसभराची बोलणी हसत गिळत असे!

आज तिने तोच कप परत केला होता.

का, ते फक्त तिला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिला हे दुखणं लागलं. केस मूठमूठ गळू लागले, अंग सुजल्यागत जड झालं, भर दुपारी दातांवर दात वाजायचे. भाताच्या शेतात राब भाजण्यासाठी बायका कवळाचे, तोडलेल्या फांद्यांचे, भारे डोक्यावर घेऊन डोंगर उतरायच्या, तेव्हा शकू सगळ्यांत मागे, धापा टाकत. “खाऊन खाऊन सुस्तावली,” शेजारची ठकूबाई म्हणायची आणि प्रयागबाई शरमेने लाल व्हायची. पुढे तर गळ्याशीही फुगीर दिसायला लागलं. तेव्हा नवऱ्याने, अनिलने, मुंबईहून सुट्टीवर आल्यावर तिला महाडला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद वाचला आणि शांतपणे समजावलं, “तुझं शरीर तुझ्याच गळ्यातल्या ग्रंथीला परकं समजतंय, शकू. आपल्याच माणसाशी भांडत बसलंय. ती ग्रंथी थकली, म्हणून तू थकतेस. हा आळस नाही.”

हा आळस नाही! एवढे तीन शब्द ऐकून शकू तिथे खुर्चीतच रडू लागली होती.

पण घरी सांगायची चोरी झाली. त्याच महिन्यात दासगावची माणसं नणंदेला, सोनालीला, बघून गेली होती, आणि स्थळ मोडलं होतं. का मोडलं, ते मध्यस्थाने फक्त अनिलच्या कानात सांगितलं: सुनेचा गळा त्यांनी बघितला होता; असलं दुखणं घरात पसरतं, अशी त्यांची समजूत. अनिल तसा माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसणं निराळं आणि वेळेला उभं राहणं निराळं. तो शकूला म्हणाला, “आईला कळलं तर ती वाडीभर बोलंल. सोनालीचं लगीन होऊ दे, तवर कुणाला काय सांगू नको.”

शकूने शब्द दिला. त्या दिवसापासून गळ्याभोवती पदर आला, आणि गोळी... गोळी ती रोज पहाटे पदराआड तोंडात टाकायची आणि सासूने दिलेल्या त्या पहिल्या चहाच्या घोटाबरोबर गिळायची.

दोन वर्षं! गोळीचा जोर वाढवत नेला, पण रक्तातला वाढलेला आकडा काही खाली येईना. शेवटी परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “गोळी घेतेस तरी कशी?” शकूने सांगितलं आणि बाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, दुधाचा चहा त्या गोळीला अंगी लागू देत नाही! उठल्याबरोबर साध्या पाण्याशी घ्यायची. मग तासभर काही नाही. चहा तर नाहीच. रक्तवाढीची गोळी चार तासांनी, दुपारी. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, रोज चालणं. गोळी आयुष्यभराची आहे, ती कधी सोडायची नाही. पण नुसती गोळी गिळून तू उभी राहणार नाहीस. दिवसाला वळण लावावं लागेल.”

महाडच्या स्टँडवरून तिने अनिलला फोन केला. आता तरी आईंना सांगू द्या, म्हणाली. सोनालीचं बिरवाडीच्या साहिलशी नुकतंच जमलं होतं. तो तिथल्याच कारखान्यात कामाला होता. “फाल्गुनात लगीन हाय शकू... तेवढं काढ,” अनिल पलीकडून अजिजीने म्हणाला.

तेवढं काढ! सांगणं किती सोपं... पण तिने काढलं. सोनालीचं सुख एका पारड्यात आणि आपला मान दुसऱ्यात, असं तिने मनाशी कधी तोलूनही पाहिलं नाही. ती पोर सुखाने नांदावी, एवढंच तिला कळत होतं.

मग सुरू झाली तिची तपश्चर्या. पहाटे उठून पाण्याशी गोळी. तो तास चुलीजवळ काढणं अशक्य, म्हणून ती चालायला निघे. तासाने चहा मागावा, तर उशीर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून तोही सोडला. गावदेवीची पालखी शिमग्यात जिथे टेकते, त्या सहाणेपर्यंतची चढण, वर आणि खाली, तीन खेपा. पहिले आठ दिवस दर वळणावर बसावं लागलं. पाय लाकडाचे, छातीत भाता. तरी ती उठायची. पूर्वी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची, ती आता वेळेला नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं ताटात घेऊन बसू लागली. रात्री भांडी घासली की अंथरुणाला पाठ टेकायची. कुणाचा आधार नाही, कौतुकाचा एक शब्द नाही. उलट प्रत्येक गोष्टीला एक टोमणा ठरलेला. आधी जेवते, आधी झोपते, पहाटे उठून कुणाशी फोनवर बोलायला जाते देव जाणे! शकू ऐकायची, डोळे पुसायची, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा त्या चढणीला लागायची. खरंच, अशी धीराची बाई वाडीने पाहिली नव्हती. पाहिली, तरी ओळखली नाही.

आणि गुण आला! दीड महिन्यात हातापायांत ऊब आली, आवाजातली घरघर गेली. पौषाच्या शेवटी कवळाचा भारा डोक्यावर घेऊन ती बायकांच्या मधोमध उतरली. महाडला रक्त तपासलं, तर आकडा दोन वर्षांत पहिल्यांदा खाली आलेला. घरी येईपर्यंत तिला हसू आवरत नव्हतं.

प्रयागबाईने ते हसू पाहिलं आणि तिच्या काळजात कळ उठली. “वेगळं व्हायचं ठरलं, तशी बघा कशी तरतरी आली!” ती नवऱ्याला म्हणाली. “माझ्या चुलीवर होती तवर मरगळली होती.” येसाजी मितभाषी माणूस, त्याने नुसती मान हलवली. प्रयागबाईने अनिलला निरोप धाडला: ये, आणि तुझी चूल मांडून जा.

अनिल आला. वीर स्टेशनला गाडीतून उतरून, रिक्षा नि एसटी करत, डोंगर चढून भर दुपारी दारात उभा राहिला, तर पडवीत तीन दगड मांडलेले आणि सोनालीने सकाळीच बाहेर ओढून ठेवलेली शकूची ट्रंक.

“बस,” प्रयागबाई म्हणाली. आवाज कठोर होता. “मी हिला पोटच्या पोरीवानी पयला कप दिला रे! माझ्या सासूनं मला गाळ पाजला, मी हिला साय घालून चहा दिला. तो हिनं परत केला. दोन म्हयने माझ्या हातचा घोट घेतला नाय. आता ही चूल तिची, ती माझी.”

अनिलने शकूकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं.

शकू पुढे आली. तिने वाकून सासूच्या पायांना हात लावला. “मांडा चूल, आई. तुमच्या मनात तसं असंल तर मी पडवीत राहीन... पण सोनालीचं लगीन होईतवर लोकांना काय बोलू नका. घर एकच दिसू दे.”

“वयनी, पुरे झालं आता!”

सोनाली दारात उभी होती. हातात एक फाइल, डोळे रडून सुजलेले. ट्रंक ओढताना ती फाइल बाहेर पडली होती, आणि बारावी शिकलेल्या पोरीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती.

“आये, ही आळशी नव्हती गो! दोन वर्सं आजारी हाय. गळ्यातली ग्रंथी बिघडली हाय तिची. गोळी खाते रोज, आणि त्या गोळीवर तासभर चहा चालत नाय. डॉक्टरनी लाल पेनानं लिवलंय इथं!” तिचा आवाज फुटला. “आणि हे लपवलं कुणासाठी? माझ्यासाठी! दासगावचं स्थळ तिचा गळा बघून मोडलं, म्हणून... दादा, तुला ठावं होतं ना? बोल की!”

“मीच तिला गप बसवलं, आये,” अनिल कसाबसा म्हणाला. त्याला मान वर करवेना.

“सोनाली, हळू बोल,” शकू घाबरून म्हणाली. “बिरवाडीला कळलं तर...”

“कळलंय! मीच मघाशी सहाणेवर रेंजला जाऊन साहिलला फोन केला. म्हटलं, लगीन मोडायचं तर आजच मोड.” सोनाली रडता रडता हसली. “तो काय म्हणाला ठावं हाय? त्याची आई बारा वर्सं तीच गोळी घेते!”

येसाजीने पुढे होऊन पडवीतले ते तीन दगड एकेक करून उचलले आणि अंगणाच्या कडेला नेऊन ठेवले.

प्रयागबाई मात्र हलली नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. “म्हणजे... दोन वर्सं गोळी लागू पडली नाय, ती माझ्या चहानं? मी मायेनं दिला, आणि...”

“नाय आई, तुमचा काय दोष?” शकू तिच्याशेजारी बसली. “एक कप नको म्हणायचं होतं, तेच मला जमलं नाय. तुम्ही दिवसभरात तेवढं एकदाच गोड बोलायच्या... तो सोडवेना मला.”

प्रयागबाईने तिच्या गळ्याभोवतीचा पदर आपल्या हाताने बाजूला केला. सूज आता ओसरत आली होती. त्यावरून ती खरखरीत बोटं कितीतरी वेळ फिरत राहिली.

“काय म्हणाली डॉक्टरीण? कसला हा आजार?”

“अंग आपल्याच माणसाला परकं समजतं, म्हणाल्या.”

“मग तो आजार मला झालेला गो, पोरी!” प्रयागबाईने हंबरडा फोडला. “तुला नाय... मला!” आणि सुनेला छातीशी कवटाळून ती रडू लागली.

दुसऱ्या पहाटे शकूने गोळी घेतली आणि दार उघडलं, तर प्रयागबाई आधीच उठून चुलीपुढे बसलेली. लाकडं रचलेली, पातेल्यात पाणी, पण जाळ नाही.

“जा, चालून ये,” ती म्हणाली.

सहाणेवरून शकूने खाली पाहिलं. वाडीतल्या एकूण एक घराच्या कौलांतून धूर वर येत होता. फक्त एकाच घरावर नव्हता. ठकूबाईचा आवाज थंडीत वरपर्यंत ऐकू आला, “प्रयागबाय, आज चूल नाय पेटली गो?” आणि त्याहून मोठा, ठसक्यातला दुसरा आवाज, “पेटंल की! आमच्याकडं पयला घोट सुनेचा. तिची गोळी हाय, तिचा तास भरला की मग!”

उठल्याउठल्या चहा लागणारी बाई! चहावाचून तिचं डोकं ठणकत असणार, हे शकूला वरूनच कळलं. तिसरी खेप तिने धावतच केली आणि धापा टाकत चुलीशी आली.

प्रयागबाई एका हाताने कपाळ दाबून बसली होती; दुसऱ्या हातात काडेपेटी. “झाला का गो तास?”

शकूने मोबाइल पाहिला. “नाय आई... धा मिनटं हायत अजून. तुम्ही घ्या ना तुमचा.”

“वा गो वा!” प्रयागबाईने काडेपेटी खाली ठेवली आणि पाट जवळ ओढला. “बस अशी माझ्याजवळ. धा मिनटांनी काय मरत नाय मी.”

शकू बसली. सासूने आपली घोंगडी तिच्याही खांद्यावरून ओढून घेतली, आणि न पेटलेल्या चुलीपुढे दोघी तास भरायची वाट बघत राहिल्या.