माझा आकडा पाच

बसा जरा जवळ. सायकलची गोष्ट आहे, तीही भर दिवसाची, तेव्हा घाबरायचं काही कारण नाही.

आम्ही सहा जण दर मार्गशीर्षात निरगुडसरहून सायकली काढायचो आणि चाकणमार्गे अख्खं पुणं ओलांडून कात्रजला जाऊन जेवायचो. पन्नाशी उलटल्यावर हे उद्योग सांगितलेत कोणी, असं घरचे विचारत. सांगितलं कोणीच नव्हतं. शाळेत असताना भाड्याच्या सायकलवर डबलसीट मंचरला सिनेमाला पळायचो, तेव्हापासूनचं ते खूळ. ते दिवस आठवले की आजही ऊर भरून येतो.

पुण्याच्या गर्दीत माणूस सहज मागे राहतो. म्हणून सयाजीने एक पद्धत पाडली होती. चौकात थांबलो की पुढून मागे आकडे म्हणायचे. सयाजी पुढे, पण तो 'एक' म्हणत नाही. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, तसा तो 'लाभ' म्हणतो. मग जुन्नरचा सायकलवाला तय्यब 'दोन', कुशाबा 'तीन', बाळासाहेब 'चार', मी 'पाच' आणि शेवटी गोरख, 'सहा'. सहा ऐकलं की सयाजी पायडल मारतो. मागे वळून बघत नाही.

गोरखचा आवाज फाटका, कायम घसा बसल्यासारखा. मी त्याची हुबेहूब नक्कल करायचो. एकदा तर फोनवर त्याच्या बायकोलाही फसवलं होतं. तो हसायचा आणि म्हणायचा, "चांगदेव, मला सुट्टी पायजे आसंल तवा तूच बोलत जा माझ्या जागी." असा मित्र पुन्हा मिळत नाही.

गेल्या वर्षी खडकीच्या पुढे, रेल्वेच्या पुलाखाली, सिग्नलला थांबलो. गोरख मागे पडला होता. लाभ, दोन, तीन, चार झालं. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले आणि माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी 'पाच' म्हटलं आणि गोरखच्या आवाजात 'सहा'ही म्हणून टाकलं. येईलच मागून, म्हटलं. पुढचे दोन चौक हिरवेच मिळाले, थांबलोच नाही. तिसऱ्या चौकात 'सहा' आलं नाही, तेव्हा परत फिरलो. तो पुलाच्या अलीकडे, फुटपाथवर सायकलला टेकून बसला होता. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणायला हवं होतं.

आकडा तर दिला होता बिचाऱ्याने, झटका नंतर आला असणार, असं सगळे म्हणायचे. मी मान हलवायचो. वर्षभर घास गोड लागला नाही.

यंदा गोरखची मुलगी अश्विनी म्हणाली, "बाबांच्या सायकलवर मी येते. त्यांचा आकडा मीच म्हणेन." तिला नाही कोण म्हणणार?

सकाळी नऊच्या सुमारास त्याच पुलाखाली सिग्नलला थांबलो. बसचा धूर होता, पण त्यातही निलगिरीच्या तेलाचा वास आला. गोरख तेच चोळायचा गुडघ्यांना. कानांना दडे बसल्यासारखं झालं, हॉर्न लांब गेले.

"लाभ."

"दोन."

"तीन."

"चार."

"पाच," मी म्हटलं.

"सहा..."

फाटका आवाज. अगदी माझ्या मागच्या चाकापाशी.

मी वळलो. अश्विनीने तोंडाला लावलेली पाण्याची बाटली हळूच खाली घेतली.

"काका... माझा आकडा तुमी का म्हटलात? ते पण बाबांच्या आवाजात..."

"मी नाय म्हटलं, पोरी."

"तो आवाज तुमालाच जमतो. बाबा सांगायचे."

मी सयाजीला हाक मारून थांबवलं, सगळ्यांना कडेला घेतलं आणि वर्षभर गिळलेलं ओकून टाकलं. तय्यबने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

मग सयाजी म्हणाला, "आमी त्यालाच दोष देत व्हतो. आकडा दिला, पन बरं वाटत नाय एवढं सांगितलं नाय म्हनून."

अश्विनी रडली नाही. "हे आईला सांगा," ती म्हणाली. "तुमी सोता. आजच."

तिच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि माझी मान खाली गेली. हो म्हणायला जीभ उचलेना. ती आपल्या जागी, रांगेच्या शेवटी, जाऊन उभी राहिली.

"आकडे घ्या," सयाजी म्हणाला. "लाभ."

"दोन."

"तीन."

"चार."

माझी पाळी. मी हँडलकडे बघत राहिलो...

"पाच."

आवाज माझा होता. रोजचा, ठणठणीत. माझे ओठ मिटलेले होते.

"सहा," अश्विनी म्हणाली.

सयाजीने पायडल मारलं. त्याच्यामागे तय्यब, कुशाबा, बाळासाहेब. मी जागचा हललो नाही. अश्विनी माझ्या शेजारून गेली, पण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाळासाहेब आणि ती यांच्यामध्ये एका सायकलीपुरती रिकामी जागा होती. ती त्या जागेकडे बघत चालली होती.

"आजच सांगाल ना, काका?" तिने विचारलं.

"सांगतो," त्या जागेतून माझा आवाज म्हणाला.