काठोकाठ पियाला

झेरॉक्सच्या दुकानासमोर वाऱ्यानं मोहिराच्या कथेची पानं उधळून लावली. धावत धावत तिनं सगळी गोळा केली. सातवं तेवढं सापडेना. मान वर करून बघते तर तुतीच्या झाडाखाली एक उंच तरुण ते वाचत उभा...

"माझं पान आहे ते," ती म्हणाली.

"एवढी ओळ होऊ द्या." मग पान परत देताना म्हणाला, "म्हातारी शेवटी दार उघडते का?"

"अजून ठरलं नाही."

"मग लवकर ठरवा. आम्ही बाहेर ताटकळलोय."

तो सरदोर. मर्गिलान शहराच्या बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान. पुढच्या गुरुवारी तो हमीदा अपांच्या अंगणात आला, नि येतच राहिला. अपा, म्हणजे सगळ्यांच्या ताई, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या द्राक्षाच्या मांडवाखाली दर गुरुवारी मोहिरासकट पाच-सहा लिहिणारी माणसं जमत. एकमेकांचं लिखाण घरी न्यायचं आणि समासात पेन्सिलीनं मत लिहून आणायचं, असा तिथला रिवाज. मोहिराच्या समासात सरदोर फार लिहीत नसे. एखाद्या ओळीशेजारी एवढंच — 'इथे थांबलो.' ते दोन शब्द ती आठवडाभर पुन्हा पुन्हा उघडून बघायची.

वसंतात उमिदा आली. वीस वर्षांची, गालाला खळी, कविता मात्र कच्च्या. आणि सरदोरनं तिचे समास चारी बाजूंनी भरून टाकले! मत्सराला आवतण लागत नाही. तो जोडे न काढताच आत येऊन बसतो.

"कविता मोठी की कवयित्री, सरदोर अका?" मोहिरानं 'अका'वर, म्हणजे 'दादा'वर, जोर देत हसत हसत विचारलं.

"शिकतेय बिचारी," तो म्हणाला.

त्या 'बिचारी'नं मोहिराला इंगळी डसल्यासारखं झालं.

चहा ओतायची पाळी त्या दिवशी तिचीच होती. आपल्याकडे पियाल्यात चहा जितका कमी, तितका पाहुण्याचा मान मोठा; काठोकाठ भरला, की समजायचं, आता निघा. मोहिरानं एक पियाला काठोकाठ भरला नि उमिदाच्या दिशेनं धाडला. पण बोलण्याच्या नादात उमिदानं तो तसाच पुढे सरकवला, आणि हातोहात जात तो थांबला सरदोरपुढे.

त्यानं पियाल्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. 'तुमचा नव्हे' म्हणावं, तर 'मग कुणाचा?' ते मोहिराला सांगावं लागलं असतं. थेंबही न सांडता तो चहा प्याला, छातीवर हात ठेवून लवला आणि गेला.

दोन गुरुवार त्याची जागा रिकामी राहिली. मोहिराची लेखणी अडली. प्रार्थनेला बसली तरी तो भरलेला पियालाच डोळ्यांपुढे यायचा.

तिसऱ्या गुरुवारी उमिदा कागद घेऊन आली. "मोहिरा अपा, मला तुमच्याशेजारी बसायचं असतं. पण तुम्ही जागेवर पिशवी ठेवता."

"माझ्याशेजारी कशाला?"

"सरदोर अकांनीच लिहिलंय ना." तिनं पानं पसरली. समासासमासात तेच बारीक अक्षर — 'हे मोहिराला विचार.' 'मोहिराची म्हातारी बघ, एक शब्द वाया घालवत नाही.' 'तिच्याजवळ बसत जा. मला धीर होत नाही, तुला तरी होऊ दे.'

मोहिरानं पिशवी उचलली. उमिदाला जवळ बसवून तिची पहिली कविता मोठ्यानं वाचली, आणि एका ओळीला खरोखरच "वा" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चहाची किटली नि पियाला घेऊन ती सरदोरच्या दुकानात गेली.

"चष्मा हवाय?" सरदोरनं मान वर न करता विचारलं.

"हवाय. जवळचं दिसत नाही मला."

त्याच्या हातातली काच तिथंच राहिली.

"तो पियाला तुमचा नव्हता," ती म्हणाली.

"मग कुणाचा?"

"उमिदाचा..." तिचे कान तापले. "जळत होते मी."

त्यानं काच खाली ठेवली. तिनं त्याच्यापुढे पियाला ठेवला आणि अगदी तळ झाकेल एवढाच चहा ओतला.

"इतकासाच?"

"संपला की परत मागायचा."

"मी तर सारखा मागेन."

"मी कुठे नाही म्हणतेय?"

दोन घोटांत पियाला रिकामा करून त्यानं तो पुन्हा तिच्यापुढे धरला. आणि समासात लिहावं तितक्या हळू म्हणाला —

"इथे थांबलो."