सगळे पट्टे लाल

"एस्तेर मॅडम, आठवडा झाला, माझा नंबरच लागत नाहीये!" अश्विनीला फोनवर बोलताबोलता रडूच फुटलं.

साठवणीच्या चाळीतला कांदा कधी सडेल, हे आधीच सांगणारं तिचं गणित. ते कॉलेजच्या एकमेकांना जोडलेल्या, सगळ्यांनी वाटून वापरायच्या कम्प्युटरांवर चालणार होतं. उद्या संध्याकाळपर्यंत प्रबंध गेला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

खासगी तपासनीस एस्तेर साळवेंनी तडक स्कूटर काढली. मागे बसले रिटायर्ड हवालदार कारभारी. त्यांचं डोकं पोलिसी. आधी माणूस धरायचा, मग गुन्हा शोधायचा!

"लई शांत हाय हितं," कम्प्युटरच्या खोलीत कारभारी खुर्चीवर टेकले. "झोप लागंल."

पडद्यावर मात्र सगळे पट्टे लाल, म्हणजे एकूण एक कम्प्युटर कामात.

"बघा, तसूभर जागा नाही!" या खोलीचे प्रमुख राधाकृष्ण सर खुशीत म्हणाले. "परवा तपासणीला समिती येतेय."

"कोण वापरतंय?"

"नावं मी लपवलीत, भांडणं नकोत. पण अन्याय नाही हं! विद्यार्थी तिघंच: ही अश्विनी, हा करण, हा जस्टिन. एकेकाला चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त मिळतच नाही."

"ह्या करणचंच काम असणार!" अश्विनी म्हणाली.

करण उसळला. "मी? अगं, मीही रांगेतच आहे!"

"माझं आधीच लागलेलं काम कालच संपलं, देवाशप्पथ," जस्टिन म्हणाला.

"करणच," कारभारी कुजबुजले. "डोळं बघा त्येचं."

एस्तेर हसल्या. "कारभारीमामा, गाळप चालू असताना साखर कारखाना गप्प असतो?"

"छ्या! कोसावर आवाज जातो."

"मग इतके कम्प्युटर राबताना ही खोली गप्प कशी? पंख्यांची साधी घरघर नाही. काम चालूच नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी नुसती जागा धरलीय."

"पर कुनी?"

"तिघांनी संगनमत केलं, तरी चौथा हिस्सा मोकळा राहिला असता. इथे तोही लाल. ज्याला हिश्श्याचं बंधन नाही, असा माणूस एकच. आणि हा लाल रंग बघून खूश झालेलाही एकच. हो ना, सर?"

राधाकृष्ण सरांनी मान डोलावली. "रिकामे दिसले तर समिती म्हणेल, वापरच नाही. हे सगळं उचलून दुसऱ्या कॉलेजला देतील हो! कुणाचं वाईट करायचं नव्हतं मला."

"वापरायलाच तर आम्ही रांगेत उभे होतो, सर!" अश्विनी कडाडली.

सरांनी कळफलक पुढे ओढला. त्यांनी अडवलेली जागा सोडली. अश्विनीने आपल्या वाट्याचा चौथा हिस्सा घेतला, काम लावलं. तेवढ्या जागेत ते उद्या दुपारपर्यंत पुरं होणार होतं.

मग करणकडे न बघताच ती म्हणाली, "चुकलं माझं. ये, तुझंही लाव."