आधी बोलेल तो हरला

दाढ ठणकत असताना माणसाला प्रेमबीम सुचत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याची दाढ कधी ठणकली नसावी, दुसरं काय!

दाताच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत ती गालाला रुमाल लावून बसली होती. लवंगेच्या तेलाचा वास, भिंतीवर बत्तीशी दाखवणाऱ्या बाळाचं चित्र, आणि आतून येणारा तो घर्रर्र आवाज. इतक्यात दार उघडलं आणि तोंडावर हात धरलेला एक तरुण आत आला. चांगल्या चार-पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी गडी नेमका तिच्याच शेजारी येऊन टेकला.

तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, आणि डोळे तर असे की एकदा बघितल्यावर उगाच दुसरीकडे बघावं लागावं.

"तुमचे बूट छान आहेत," ती म्हणाली.

"तुमची पर्स छान आहे," तो म्हणाला.

दोघंही अगदी एकाच वेळी!

आता इथे जरा थांबून सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरगी भलतीच आगाऊ. आगाऊ ती होतीच, पण बुटांचं वाक्य तिचं नव्हतं, आत्याचं होतं. आत्या साबण, शॅम्पू आणि टूथपेस्ट विकणाऱ्या एका कंपनीत होती. दुकान नाही, जाहिरात नाही. आपण चार माणसं जोडायची, त्या चौघांनी आणखी चार-चार, अशी साखळी. भाचीला आत्यानंच यात ओढलं होतं आणि नियमही पढवले होते. हाताच्या अंतरावर आलेला माणूस सोडायचा नाही. आधी त्याच्या अंगावरचं काहीतरी वाखाणायचं. मग त्याचं स्वप्न विचारायचं. आणि प्रश्न विचारला की तोंडाला कुलूप! "आधी बोलेल तो हरला, लक्षात ठेव," आत्या बोट नाचवून बजावायची.

"आणि माणसं कमी पडली म्हणून रडू नकोस," असंही ती म्हणायची. "अगं, हे चाळणीचं काम आहे. भरपूर ओतल्याशिवाय वर काही उरत नाही. पुष्कळ जण आण, त्यातून एखादा लीडर निघेल, स्वतःहून माणसं ओढून आणणारा. तो निघाला की तू सुटलीस!"

भाचीनं ओतायला कमी केलं नव्हतं. शेजारीण आली, शिंपी आला, मावसभाऊ आला, मैत्रिणींच्या सासवा आल्या. प्रत्येकानं एकेक साबण घेतला आणि सगळे गाढ झोपी गेले. फोन केला की "अगं, आत्ता बाहेर आहे," आणि मागे त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी! शेवटी बाबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "कंपनीच्या संमेलनापर्यंत एक तरी लीडर उभा कर. नाहीतर मुकाट्यानं माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर येऊन बस." बाबांचं काउंटर वाईट नव्हतं. पण तिथे लोक गाडी शिकून भुर्रकन निघून जात, आणि काउंटरवरचं माणूस मात्र तिथल्या तिथेच. तिला स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. मनापासून, अगदी दात-ओठ खाऊन. दाढ बरी असती तर.

म्हणून तिनं रुमाल खाली घेतला आणि गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला आयुष्यात... खरं म्हणजे काय करायचंय?"

तो क्षणभर दचकला. मग तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "आणि तुम्हाला?"

झालं. ती गप्प. तोही गप्प. पंखा फिरत होता. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे. त्याच्या भुवईवर एक बारीक तीळ होता. असू दे, तिळाशी आपल्याला काय करायचंय, असं तिनं मनाला दटावलं आणि पुन्हा तिळाकडेच बघितलं.

काउंटरवरच्या ताईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. या ताई पेशंटला नावानं हाक मारायच्या नाहीत, दातानं मारायच्या.

"काय हो, भांडण झालंय का तुमचं? मग लांब लांब बसा ना!" त्या म्हणाल्या. "खालची डावी दाढ, चला आत. आणि पुढचा तुकडा, तुम्ही थांबा."

*

दाढेला बऱ्याच फेऱ्या लागणार होत्या, आणि तुकड्यालाही. पुढच्या खेपेला तो आधीच येऊन बसला होता, आणि शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र ठेवून त्यानं जागा धरली होती. ती उगाच केस सारखे करत पुढे झाली. मासा गळाला लागला, तिनं स्वतःला समजावलं. गडबडीत पर्स उपडी झाली आणि आतून टूथपेस्टच्या नळ्या घरंगळत थेट त्याच्या चकचकीत बुटांपाशी गेल्या. प्रत्येक नळीवर ठसठशीत लिहिलेलं, "दाढ किडणार नाही, ही आमची हमी."

त्यानं वाचलं. तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. आणि तोंडावरचा हात विसरून तो असा खो खो हसला की पुढच्या दाताचा अर्धा तुकडा गायब असलेला तिला पहिल्यांदाच दिसला.

"हसू नका!" ती लालबुंद झाली. "आणि तो हात सारखा तोंडावर का असतो ते कळलं. मला वाटलं लाजता!"

"लाजतोच. गादी घेऊन जिना चढत होतो, पाय सटकला, कठड्यावर आपटलो."

"गादीवर नाही का पडायचं?"

"गादी माझ्याआधी खाली पोचली होती."

"कसली गादी?"

तो घुटमळला. "चुंबकाची. पाठदुखी पळते. म्हणजे... कंपनी तसं म्हणते. आपण चार माणसं जोडायची, मग त्यांनी..."

"...आणखी चार!" तिनं वाक्य पुरं केलं. "म्हणजे तुम्ही मला गादीत गुंडाळत होतात?"

"आणि तुम्ही मला साबण लावत होतात!"

दोघांनी एकमेकांकडे डोळे वटारून पाहिलं, आणि मग दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता तिच्या मनात मात्र एक खडा टोचलाच. बारीक आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे माझी पर्स... छान नव्हती?"

"पर्स भयंकर आहे," तो म्हणाला. "पण मी पर्सकडे बघतच नव्हतो."

त्या दिवशी भूल न देता दाढ कोरली असती तरी तिला कळलं नसतं.

ठराव झाला तो असा, की दवाखान्याच्या उंबऱ्याच्या आत धंद्याचा शब्द काढायचा नाही. मग बोलायला काय कमी? "काय दाढ, कसं काय?" "बोला, तुकडा!" अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलंही नाही. त्याला आई नव्हती, थोरली वहिनीच आईसारखी होती, आणि तिच्याच पाठीसाठी त्यानं पहिली गादी घेतली होती. "पाठ दुखायची थांबली का?" तिनं विचारलं. "नाही. पण वहिनी म्हणते, झोप मस्त लागते." तो खोटं बोलत नव्हता, हे तिला फार फार आवडलं. मग उंबऱ्याबाहेर पडल्यावर तिनंही त्याला संमेलनाचं आणि बाबांच्या काउंटरचं सगळं सांगून टाकलं.

एकदा दोघं बाहेर पडली आणि पाऊस कोसळायला लागला. छत्री कोणाकडेच नाही. त्याच्या खांद्यावर नमुन्याची छोटी गादी होती, प्लास्टिकच्या खोळीतली. त्यानं ती डोक्यावर आडवी धरली.

"ये खाली."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गादीला चार पाय फुटले."

मग काय, गादीचं एक टोक त्याच्या हातात आणि दुसरं तिच्या. खांद्याला खांदा लागत होता. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. थेंब खोळीवर ताडताड वाजत होते, आणि त्या आवाजात तो काहीतरी म्हणाला.

"काय?"

"म्हटलं, चुंबक आहे बरं का यात. जपून चाल."

"मी काय लोखंडाची आहे?"

"नाही ना... तरी बघ की किती जवळ आलीस!"

तिनं त्याला कोपरानं ढोसलं. पण सरकली मात्र नाही.

*

आत्याला वास लागायला कितीसा वेळ लागणार? "कोण गं तो गादीवाला?" तिनं सगळं काढून घेतलं आणि तिचे डोळेच चमकले. "अगं वेडाबाई! त्याच्या हाताखाली केवढी माणसं आहेत, माहितेय? तो तुझ्या टीममध्ये आला तर सगळी पलटण घेऊन येईल. लीडर लीडर करत गावभर फिरलीस, आणि काखेत कळसा! संमेलन तोंडावर आलंय. तू म्हणालीस तर तो नाही म्हणणार नाही."

नेमकी तीच तर भीती होती. तो नाही म्हणणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. एक शब्द टाकायचा अवकाश. बाबांचं काउंटर टळणार होतं. दिवसभर तिनं तो शब्द तोंडात घोळवला. गोळीसारखा गोड होता, पण गिळवेना.

पुढच्या खेपेला तिनं काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "ऐक. उंबऱ्याचा ठराव मोडतोय. मी गाद्या सोडतो. माझी सगळी माणसं घेऊन तुझ्या टीममध्ये येतो. तुझं संमेलन पार पडेल."

इतके दिवस ज्या 'हो'साठी ती दारोदार फिरली, तो हो आपण होऊन समोर येऊन बसला होता. आणि तिच्या तोंडून निघालं, "नको."

"का?"

"नको म्हटलं ना!"

"माझ्यात काही कमी आहे?"

तिनं रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "तू आलास तर... तू फोन केलास की मला कळणार नाही, माझ्यासाठी केलास की साबणासाठी. मी तुझ्या दातांची चौकशी केली की तुलाही कळणार नाही. आयुष्यभर नाही कळणार."

"मग संमेलन? बाबांचं काउंटर?"

"बसेन काउंटरवर."

तो काही बोलणार, तेवढ्यात ताईंनी हाक दिली, "पुढचा तुकडा!" आत जाऊन तो दात पुरा करून आला. अख्ख्या दाताचा त्याचा चेहरा किती देखणा होता! पण तो हसलाच नाही. मान खाली घालून निघून गेला. दात नीट झाला होता. आता त्याला इथे यायचं काही कारणच उरलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. ताई उठून जवळ आल्या आणि कापसाचा बोळा पुढे केला.

"दाढेचं रडणं मला ओळखू येतं. हे ते नाही," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या. "आणि एक विचारू? इतके आठवडे तुम्ही दोघं, साबणवाली आणि गादीवाला, माझ्यासमोर बसताय. मी तर तुमच्या हाताच्या अंतरावर. मला का नाही कुणी विचारलं?"

तिनं बोळा डोळ्यांवरून खाली घेतला. "तुम्ही? तुम्ही... याल?"

"अगं, घाबरून पळायला निघालेल्या माणसांना मी रोज गोड बोलून त्या खुर्चीत बसवते. टूथपेस्ट घ्यायला लावणं म्हणजे माझ्यासाठी सुट्टीच! फक्त त्या नळीवरची ती हमी आधी खोडून टाक. तुझा गाल बघितल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

*

संमेलनाला ताई आल्या त्या अख्खी रांग घेऊन. "ही वरची फट, हे कवळीवाले काका, या अक्कलदाढ," अशी त्यांनी ओळख करून दिली आणि सगळा हॉल हसून लोळला. आत्यानं टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. बाबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी नुसता अंगठा वर केला. ड्रायव्हिंग शिकणारा पहिल्यांदा गाडी मागे घ्यायला शिकला की करतात ना, तसा.

तिनंही हात हलवला. जीव मात्र दाराकडे लागला होता. कोणी आलं नाही.

दाढेवर टोपी बसवायची तेवढी बाकी होती. ती दवाखान्यात शिरली, आणि थबकली. चार-पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. एका खुर्चीत तो बसला होता. शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्र.

"आता काय दुखतंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. दात एकदम झकास." त्यानं वर्तमानपत्र उचललं. ती बसली. "आधी खूप राग आला मला. वाटलं, मीच नको झालो. मग विचार केला, की आपल्या धंद्यात आजवर कुणी येणाऱ्या माणसाला नको म्हटलंय? कुणीच नाही. तू म्हणालीस. म्हणजे तुला माणसं नको होती..." तो अडखळला. "माणूस हवा होता. बरोबर?"

तिनं नुसतीच मान हलवली. कानांच्या पाळ्यांपर्यंत तिला गरम गरम वाटत होतं.

"गाद्या मी विकणारच. तू साबण वीक. घरात एकमेकांना काही विकायचं नाही." त्यानं एक दीर्घ श्वास घेतला. "माझ्याशी लग्न करशील?"

आणि तो गप्प बसला.

हाडात मुरलेला नियम, जातो कुठे! तीही गप्प. पंखा फिरत होता. तो तिच्याकडे बघत होता, ती त्याच्याकडे. भुवईवरचा तो तीळ. आता मात्र तिनं मनाला दटावलं नाही, पोटभर बघून घेतलं. त्याच्या कपाळावर घाम फुटला, तरी पठ्ठ्या बोलेना. ताईंची सुई हवेतच थांबली. आतला घर्रर्र आवाजसुद्धा बंद झाला आणि डॉक्टर हातमोज्यांसकट दारात येऊन उभे राहिले.

"अहो, बोला की कुणीतरी!" ताई कळवळून म्हणाल्या. "माझा जीव जाईल!"

इतक्या लोकांना इतक्या वेळा प्रश्न टाकून ती अशी गप्प बसली होती, आणि दर वेळी जिंकायची केवढी धडपड. या वेळी तिला जिंकायचंच नव्हतं.

"हरले बाई," ती म्हणाली. "हो."

आणि तो हसला, तोंडावर हात न धरता.